आधी शेत दाखवा

रात्री साडेनऊला मी त्या स्वयंपाकघरातला शेवटचा ड्रॉवर उघडला आणि पोळपाट नाही हे नक्की झालं. लाटणं नव्हतं, परात नव्हती, कढई नव्हती, कुकर नव्हता, साधी सांडशी नव्हती. वाइनचे ग्लास बारा होते, उलटे टांगलेले, एकसारखे. नॉनस्टिकचे दोन तवे होते, त्यातल्या एकाचा थर खरवडून निघालेला. शेगडीच्या वर फ्रेममध्ये सूचना लावली होती: तळण करू नये, मासे-मटण शिजवल्यास जादा आकार पडेल, रात्री दहानंतर स्वयंपाकघर वापरू नये. हा बंगला आम्हाला ‘स्वतः रांधून खा’ असं सांगून भाड्याने दिला होता.

मुळशी तालुक्यात, ‘सेंद्रिय शेतावरचा व्हिला’ अशा नावाखाली, दोन रात्रींचे अठ्ठावीस हजार रुपये आम्ही आधीच भरले होते. आठ माणसं, श्रावणातला शनिवार-रविवार. जाहिरातीत लिहिलं होतं की शेतातून ताजी भाजी तोडा आणि चुलीवर किंवा गॅसवर आपल्या हाताने शिजवा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचं माहेर शेजारच्या मावळातलं. खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहून तिने आवणी केलेली आहे. तिने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि पिशवीत फक्त मीठ, मसाला, लसूण आणि तेलाची बाटली भरली. बाकीचं शेतात मिळणार होतं.

मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, भाजीचं टेन्शन नका घेऊ. लिस्ट पाठवा, सकाळी पुण्याहून गाडी येते.”

पुण्याहून! आम्ही ज्या रस्त्याने आलो, त्याच रस्त्याने आमच्या मागून मार्केट यार्डातली कोबी-फ्लॉवर येणार, आणि ती आम्ही ‘शेतावर’ शिजवून खाणार. मी विचारलं, मग तुमच्या शेतात काय आहे? ते म्हणाले, “तुम्ही एन्जॉय करा हो.” फोन बंद झाला.

सकाळी शेत बघायला निघाले. फाटकापासून बंगल्यापर्यंत लॉन, बंगल्यापासून कुंपणापर्यंत लॉन. मधे पोहण्याचा तलाव, कडेला पाम, एका कोपऱ्यात रंगवलेलं बैलगाडीचं चाक. बंगल्यामागे सहा बाय चारचे दोन वाफे होते, त्यात पुदिना आणि मिरचीची चार रोपं, आणि त्यांच्यासमोर लाकडी पाटी: ‘ऑर्गॅनिक किचन गार्डन’. दोन एकरांत पिकाखाली असलेली जमीन एवढीच. पंपाच्या खोलीमागे निळा कॅन पडला होता. मी तो उचलून लेबल वाचलं. ग्लायफोसेट, एक्केचाळीस टक्के. लॉनच्या कडेचं आणि फरसबंदीच्या फटींतलं तण मारायला ते फवारतात. फवारतो कोण? तिथला राखणदार, तोंडाला रुमाल बांधून. हे तणनाशक फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकानेच वापरावं, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. ज्या जागेच्या नावात ‘सेंद्रिय’ आहे, तिथे रुमाल बांधलेल्या माणसाच्या हातात फवारणीचा पंप देतात. याला मी फसवणूकच म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तांदळाच्या पिशवीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द छापून ती दुकानात ठेवायची असेल, तर काय काय करावं लागतं हे ज्याने केलंय त्याला विचारा. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. त्यात हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. त्या काळात रासायनिक खत बंद, औषध बंद, उत्पन्न घटलेलं आणि भाव मात्र साध्या मालाचाच. नोंदवह्या ठेवा, तपासनीस येईल त्याला बांध दाखवा, शेजाऱ्याच्या शेतातून फवाऱ्याचं पाणी येत नाही ना ते सिद्ध करा. छोट्या शेतकऱ्यांसाठी सहभाग हमी पद्धत आहे. तिथे शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. २०१७ च्या अन्न सुरक्षा नियमांनी या दोन्हींपैकी एक वाट बाजारातल्या मालाला सक्तीची केली. आणि बंगल्याच्या फाटकावर तोच शब्द लिहायला? एक रंगारी पुरतो.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. पर्यावरणाचं नाव घेऊन मोठे दावे करणाऱ्याने पुरावा द्यावा, असं त्यात आहे. पण मुळशीच्या डोंगरउतारावर पुरावा मागायला कुणी येत नाही. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून ग्रामपंचायतही विचारत नाही. आम्हीसुद्धा बुकिंग करताना तलाव किती खोल आहे ते विचारलं होतं, शेतात काय पेरलंय ते विचारलं नव्हतं.

राखणदाराची बायको, तिला सगळे मावशी म्हणतात, ती दहाच्या सुमाराला झाडू घेऊन आली. मी तिला विचारलं, मावशी, भाजी कुठे मिळेल? ती म्हणाली, “ताई, हितं काय बी पिकत न्हाई आता. ह्ये समदं आमचंच होतं.” मग तिने झाडूच्या टोकाने लॉनवर दाखवायला सुरुवात केली. हे जांभळीचं खाचर. त्याच्या खालचं ते लांबट. तलाव आहे तिथे कोंडाचं, त्यात पाणी कधी हटायचं नाही, म्हणून आंबेमोहोर तिथेच लावायचे. पार्किंगच्या जागी राब भाजायचे. तिला प्रत्येक बांध पाठ होता आणि त्यातला एकही आता उरलेला नव्हता. डोंगरावरून येणारं पाणी पूर्वी खाचरातून खाचरात उतरायचं, प्रत्येक बांधावर थांबायचं, मुरायचं. आता जेसीबीने सपाट केलेल्या लॉनवरून ते एका दमात खाली येतं आणि तिच्या खोपटात शिरतं. पावसाळाभर दारात वाळूच्या गोण्या ठेवाव्या लागतात. मी जाऊन बघितल्या. पाच गोण्या होत्या, भिजून काळ्या पडलेल्या.

जमीन विकली ती त्यांनीच, कुणी पिस्तूल लावलं नव्हतं, हे मला माहीत आहे. लग्न होतं, दवाखाना होता, भावकीचा दावा होता, एजंट दारात बसून होता. पण विकणाऱ्याला दोष देऊन माझा राग आटोपत नाही. खाचरं बुजवून झाल्यावर त्याच खाचरांच्या नावाने रात्रीचे चौदा हजार घ्यायचे, आणि ती खाचरं जिने पिकवली तिला महिन्याकाठी झाडलोटीचे पैसे द्यायचे, हा हिशोब माझ्या घशाखाली उतरत नाही.

हा तालुका जमिनीसाठी लढलेला आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, कारण मुंबईला वीज द्यायला टाटांचं धरण येत होतं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जात होती. धरण झालंच. तेव्हा निदान धरणाला धरण म्हणत होते. खाचर बुडवून त्यावर ‘भातशेती’ अशी पाटी लावायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तलावाचं गणितही मी तिथे बसूनच केलं. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे जवळपास एक्कावन्न हजार लिटर. जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. त्या हिशोबाने त्या तलावात नऊशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी क्लोरीन घालून साठवलेलं आहे. मावशीच्या वाडीत मे महिन्यात टँकर येतो. तलाव मे महिन्यातच सगळ्यात जास्त वापरात असतो, कारण शाळांना सुट्टी असते. आणि धुतल्यावर ते क्लोरीनचं पाणी जातं कुठे? खालच्या अंगाला, मावशीच्या उरलेल्या तीन गुंठ्यांकडे.

त्या तीन गुंठ्यांबद्दल सांगायलाच हवं. कुंपणापलीकडे त्यांच्याकडे एवढाच तुकडा राहिला आहे. त्यात आंबेमोहोर उभा होता, कमरेला लागेल इतका. खत म्हणजे शेणखत आणि राबाची राख. तण ती हाताने काढते. बांधावर तूर, खोपटाच्या छपरावर दोडक्याचा वेल, वळचणीला अळू. कसलं प्रमाणपत्र नाही, पाटी नाही. त्या डोंगरावर सेंद्रिय शेती करणारी एकच व्यक्ती मला दिसली आणि ती लॉन झाडत होती.

मी तिच्याकडे तांदूळ विकत मागितला. ती म्हणाली, घरच्यापुरताच असतो. पण थोड्या वेळाने पदरात भारंगीचा पाला आणि कुर्डूची जुडी घेऊन आली, कुंपणाच्या कडेने खुडलेली. आईने ती भाजी हातात घेतली, देठ मोडून बघितला, वास घेतला, आणि दोघी जणी त्या लॉनच्या कडेला फरशीवर बसून निवडायला लागल्या. भारंगी उकडून पाणी काढून टाकायची, मग लसूण आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. उकडायला पातेलं नव्हतं. मावशीने तिच्या घरून पातेलं आणलं, कढई आणली, पोळपाट-लाटणं आणलं. अठ्ठावीस हजारांच्या बंगल्यात आम्ही झाडूवाल्या बाईच्या भांड्यांत जेवलो. मालकाच्या स्वयंपाकघरातलं आमच्या उपयोगी पडलं ते नळाचं पाणी आणि गॅस. गॅसचे बाराशे निघताना वेगळे घेतले.

आता कुणी म्हणेल की शहरातल्या माणसाला हवा आणि हिरवळ पुरते, शेताचा हट्ट कशाला? मग हवा आणि हिरवळ एवढंच लिहा. ‘डोंगरातला बंगला, तलावासह’ असं लिहा, तेवढेच पैसे घ्या, माझी काही हरकत नाही. शेत हा शब्द घेतला की त्याच्याबरोबर जबाबदारी येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्यात शेतातली इमारत म्हणजे काय ते सांगितलेलं आहे: अवजारं, खत, वैरण ठेवायला, धान्य साठवायला, गुरं बांधायला, शेतकऱ्याच्या घरच्यांना आणि गड्यांना राहायला. त्या यादीत बारा वाइन ग्लास टांगायची जागा नाही.

हे काम सरळपणे करता येतं, आणि लोक करत आहेत. बारामतीजवळच्या पळशीवाडीत २००५ मध्ये कृषी पर्यटन सुरू झालं. राज्याने २०२० मध्ये त्याचं धोरण केलं. जिथे शेतकरी स्वतः राहतो, पाहुण्याला मोटेवर नाही तरी निदान मोटरच्या पाण्यावर नेतो, हुरडा भाजून देतो, पिठलं-भाकरी वाढतो, तिथे मी मुलांना घेऊन गेले आहे. तिथल्या गाद्या टणक होत्या आणि संडासाला कडी नव्हती. पण मिरचीचं शेत मिरचीचंच होतं.

इटलीने तर हे १९८५ मध्येच कायद्यात बांधलं. शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. पाहुणचार तिच्या आधाराने चालेल, तिला गिळून चालणार नाही. २००६ च्या सुधारित कायद्याने ते आणखी पक्कं केलं: पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून उभ्या असलेल्या इमारती वापरायच्या, आणि ताटात मुख्यतः स्वतःच्या शेतातलं आणि त्या भागातलं वाढायचं. म्हणून तिथे गोठ्याची खोली झाली, धान्याच्या कोठारात स्वयंपाकघर आलं, पण द्राक्षाचा मळा आणि ऑलिव्हची झाडं जागेवर राहिली. आपल्याकडे उलट झालं. आधी शेत गेलं, बंगला आला, आणि मग शेताचं नाव बंगल्याला चिकटवलं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ‘शेतावरच्या व्हिला’ने फाटकावरच्या पाटीखाली चालू वर्षाची पीकनोंद लावावी. काय पेरलं, किती गुंठ्यांत, कोण कसतं. सेंद्रिय म्हणत असाल तर प्रमाणपत्राचा क्रमांक लावा. स्वयंपाक करायला बोलावलंत तर कढई, कुकर, पोळपाट ठेवा आणि पाहुण्याला ज्या भावात विकाल त्या भावात शेजारणीच्या बांधावरची भाजी तिच्याकडून घ्या. पर्यटन विभागाने नोंदणी करताना खोल्यांचे फोटो बघू नयेत, आधी जमीन बघावी.

यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी मोबाइलवरून पीक नोंदवतो आणि ते सातबाऱ्यावर येतं. सातबारा कुणालाही बघता येतो. मावशीला त्यांच्या जुन्या जमिनीचा गट क्रमांक तोंडपाठ होता. निघायच्या सकाळी, सामान गाडीत भरून झाल्यावर, मी फोनवर महाभूलेख उघडलं आणि तो क्रमांक घातला. पिकाच्या रकान्यात एकच शब्द होता: गवत.