आधी पान कोणाचे?

चवथ तोंडावर आली, की डिचोलीच्या बाजारात माटोळीचे सामान मांडले जाते आणि नोकरीधंद्यानिमित्त दूरदूर पांगलेली माणसे पेडण्या-डिचोलीतील मूळ घरांकडे वळू लागतात. आमच्या वाचकांपैकीही पुष्कळजण या दिवसांत घराची वाट धरतात. म्हणूनच या खेपेस मधुमेहाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पेडणे महालातील एका स्नेह्यांच्या घरी चवथीला गेलो होतो. घर मोठे, गोतावळा त्याहून मोठा. घरच्या वहिनी साठीच्या, दहा-बारा वर्षांच्या मधुमेही. आदल्या दिवशी हरताळकेचा उपवास झालेला. तरी पहाटे उठून त्यांनी नेवऱ्या तळल्या, पातोळ्या वाफवल्या, खतखते शिजत ठेवले. औषधाच्या बाबतीत त्या काटेकोर. सकाळची गोळी त्यांनी चुकवली नाही. पूजा, आरत्या, नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, त्यामागून मुलांची. दोन वाजून गेले असतील. वाढता वाढता वहिनींच्या हाताला कंप सुटला, अंग घामाने भिजले आणि त्या काही असंबद्ध बोलू लागल्या. ‘दमली आहे, जरा पडू दे,’ असे सारेच म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या माहेरची एक मुलगी मात्र साखरेचे पाणी घेऊन धावली. ‘आत्ये, हे आधी पी!’ पंधरा-वीस मिनिटांत वहिनी सावरल्या. आम्ही मात्र त्या दिवशी ओशाळलो, ते आजतागायत.

साखर वाढण्याची धास्ती आता घरोघरी आहे. ती उतरण्याची मात्र कोणी फारशी दखल घेत नाही. इन्सुलिन आणि मधुमेहावरील काही गोळ्या, पोटात अन्न असो वा नसो, आपले काम करीतच राहतात. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, की कंप, घाम, धडधड, गोंधळ ही लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, अजून कमी असल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग जेवू घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ इस्पितळ गाठावे. उपवास करावयाचा असेल तर गोळीचे काय करावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आपल्या मनाने ती बंदही करू नये आणि रिकाम्या पोटी घेऊही नये.

हा विषय आम्ही गोव्याच्या संदर्भात काढला, त्यालाही कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के आढळले. गोव्यात ते 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. चार प्रौढांमागे एकाहून अधिक! तेव्हा चवथीच्या कोणत्याही पंगतीत मधुमेही नाही असे सहसा घडावयाचे नाही.

मग सणाला जेवावे तरी काय? आमच्या मते उत्तर त्या पानावरच आहे. खतखते, मुगागाठी, अळसांद्यांचे तोणक हे पदार्थ पोटभर घ्यावेत. त्यांतील चोथा आणि कडधान्ये साखरेला एकदम चढू देत नाहीत. भात मोजका असावा. उकड्या तांदळाने साखर तुलनेने सावकाश चढते, हे खरे. परंतु भात तो भातच. ‘माडाचा गूळ चालतो’ ही समजूत मनातून काढून टाकावी. एखादी नेवरी खाल्लीच, तर तेवढा भात कमी करावा. जेवणानंतर शेजारच्या घरचा गणपती पाहावयास पायी जावे. जेवणानंतर दोन तासांची साखर बहुतेकांना 180 च्या आत, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा आकडा 7 च्या आत असावा. वृद्धांसाठी डॉक्टर तो थोडा सैल ठेवतात.

परंतु हे सारे पथ्य ज्या हातांवर चालते, ते हात घरात सर्वांत शेवटी जेवतात. मधुमेह्याला काय वाढावे याची चर्चा आपण पुष्कळ करतो. केव्हा वाढावे हे विसरतो. आणि ती मधुमेही स्वयंपाकघरातच उभी असेल, तर तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

त्या पेडण्याच्या घरी आता नैवेद्य दाखवून झाला, की पहिले पान वहिनींचे मांडतात. सुरुवातीला त्यांना फार संकोच वाटला. ‘देवाच्या घरी बाई आधी जेवली, असे लोक म्हणतील,’ असे त्या म्हणाल्या. पण लोकांनी काही म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि आरत्या पूर्वीइतक्याच मोठ्याने होतात. येत्या चवथीला आपल्या घरीही एक पान असे आधी मांडावे, एवढीच आमची विनंती.