परका कसा म्हणावा?

रिसोड तालुक्यातील केनवड येथे परवा एका स्नेह्यांच्या ओसरीवर गप्पा रंगल्या होत्या. हिंदी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या त्यांच्या कन्येने मुक्तिबोधांचे नाव काढताच एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ‘‘ते डावे. आपले नव्हेत.’’ विषय तिथेच संपला. मुलीच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मात्र संपला नाही.

गजानन माधव मुक्तिबोध खरोखरच परके होते काय? ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १३ नोव्हेंबर १९१७ रोजी एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील नामवंत कवी, कादंबरीकार व समीक्षक. १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. एकाच घराने दोन भाषांना दोन कवी द्यावेत, हे भाग्य विरळाच.

१९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपले केनवड आणि तिकडचे राजनांदगाव तेव्हा एकाच राज्यात नांदत होते. त्या नागपुरात मुक्तिबोधांनी आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात काम केले, संसाराची ओढाताण सोसली आणि हिंदीत एम. ए. केले. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे ४६. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ते मार्क्सवादी होते आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. वर्गसंघर्षाचा तो विचार आपल्याला मान्य नाही, हेही स्पष्टच म्हटले पाहिजे. परंतु त्यांच्या कवितेने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला तो सुशिक्षित मध्यमवर्ग. सत्य कळत असूनही पगारासाठी आणि प्रतिष्ठेसाठी मौन पाळणारा. तो माणूस केवळ डाव्यांच्या घरी राहतो काय? आपल्या आरशातही तो अधूनमधून दिसतोच.

‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. पुस्तकातील मते चुकीची असतील, तर त्यांचे खंडन दुसऱ्या पुस्तकाने व्हावे. १९४८ आणि १९७५ च्या बंदीची झळ सोसलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

वैचारिक अस्पृश्यतेची तक्रार आपण अनेक वर्षे केली व ती रास्त होती. मग तोच विटाळ आपण कसा पाळावा? केनवडच्या त्या मुलीने मुक्तिबोध अवश्य वाचावेत. पटणार नाही तेथे कडाडून वाद घालावा. पण तो वाचून झाल्यावर.