विश्लेषण : मनगटावर लाखांचे घड्याळ, पण त्याची ओळख किती?

स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. एकेकाळी मुंबई-दिल्लीपुरती मानली जाणारी महागड्या घड्याळांची हौस आता सोलापूरसारख्या शहरांतल्या लग्नसमारंभातही दिसते. पण अनेक मालकांना घड्याळाची किंमत तोंडपाठ असली, तरी ते कशावर चालते, अस्सल आहे का आणि त्याचे बिल कुठे आहे, हे ठाऊक नसते. विमानतळावर, कराच्या हिशेबात आणि घड्याळ विकायला काढताना हे अज्ञान महागात पडू शकते.

आताच हा विषय का?

भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन या ‘एफ्टा’ देशांमध्ये १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार झाला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरील २० टक्के मूळ आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. अर्थात, शुल्क उतरले म्हणून दुकानातील किंमत तेवढीच उतरेल असे नाही. फ्रँकचा दर, सोन्याचा भाव आणि कंपन्यांचे धोरण यांवरही ती ठरते. पण कल स्पष्ट आहे. २०२४ मध्ये भारतात आलेल्या स्विस घड्याळांचे मूल्य सुमारे २७ कोटी फ्रँक होते आणि आदल्या वर्षीपेक्षा ते साधारण एक चतुर्थांशाने वाढले होते. जाणकार संग्राहकांपेक्षा पहिल्यांदाच असे घड्याळ घेणारे ग्राहक यापुढे अधिक असतील.

किंमत माहीत, यंत्र अनोळखी; म्हणजे काय?

घड्याळांचे ढोबळ दोन प्रकार. क्वार्ट्झ घड्याळ सेलवर चालते. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. मेकॅनिकल घड्याळात सेल नसतो. गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या ताणावर ते चालते. या स्प्रिंगला रोज हाताने चावी द्यावी लागते, किंवा मनगटाच्या हालचालीने ती आपोआप मिळते. आपोआप चावी मिळणाऱ्या घड्याळाला ऑटोमॅटिक म्हणतात. बहुतेक महागडी घड्याळे मेकॅनिकल असतात. त्यात शंभराहून अधिक सुटे भाग असतात. आजची अनेक मेकॅनिकल घड्याळे तासाला २८,८०० ठोके देतात; म्हणजे दिवसाला सुमारे सात लाख.

नेमके इथेच गफलत होते. ऑटोमॅटिक घड्याळ दोन-तीन दिवस कपाटात राहिले की बंद पडते. हा बिघाड नव्हे, स्प्रिंगचा ताण संपलेला असतो. तरीही ‘सेल संपलाय, बदलून द्या’ म्हणत घड्याळजीकडे जाणारे लखपती ग्राहक कमी नाहीत. अनेक मेकॅनिकल घड्याळांत रात्री नऊ ते पहाटे तीनच्या सुमारास हाताने तारीख बदलू नये, असे सांगितले जाते. त्या वेळी तारीख बदलणारी चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि जोर दिला तर दात तुटू शकतो. चुंबक हा आणखी एक शत्रू. हा मजकूर ज्या फोनवर वाचत आहात, त्याच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले, तर केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाल्याची शक्यता असते. जाणकार घड्याळजी हे काही मिनिटांत दुरुस्त करतो.

इतकी किंमत म्हणजे वेळ तरी अधिक अचूक?

नाही, आणि बहुतेकांना धक्का बसतो तो इथेच. स्वित्झर्लंडची ‘सीओएससी’ ही अधिकृत संस्था मेकॅनिकल घड्याळाच्या यंत्राला क्रोनोमीटर प्रमाणपत्र देते. त्यासाठी दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी चूक मान्य असते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदच चुकते. म्हणजे हजार रुपयांचे घड्याळ दहा लाखांच्या घड्याळापेक्षा वेळ अधिक नेमकी दाखवते.

सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या दीड दशकात स्विस उद्योगाचे कंबरडे मोडले. १९७० च्या सुमारास सुमारे ९० हजार असलेले कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस हजारांच्या घरात आले. त्यातून हा उद्योग सावरला, कारण त्याने स्वस्त क्वार्ट्झ घड्याळे स्वतः काढलीच, शिवाय वरच्या किमतीत वेळेऐवजी कारागिरी, परंपरा आणि दुर्मीळपणा विकायला सुरुवात केली. आज लाखो रुपये मोजले जातात ते यासाठी. जे विकत घेतले, त्याचीच माहिती नसेल, तर हातात उरते ते फक्त किमतीचे लेबल.

‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ याचा अर्थ ३० मीटर खोल पोहता येईल असा नाही. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. अशा घड्याळावर हात धुतानाचे शिंतोडे चालतात. पोहण्यासाठी साधारण १०० मीटरची नोंद हवी. शिवाय आतील रबरी कडी वयानुसार कडक होते आणि आंघोळीच्या गरम पाण्याने हे लवकर घडते. ‘स्विस मेड’ म्हणजे प्रत्येक सुटा भाग स्विस, असेही नाही. २०१७ पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादन खर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो.

अज्ञान महागात कसे पडते?

सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातील उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या सुरुवातीला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावरील हिरेजडित हुब्लो घड्याळाची किंमत सुमारे ७० लाख असल्याचा आरोप एच. डी. कुमारस्वामी यांनी केला. घड्याळ परदेशस्थ डॉक्टर मित्राने भेट दिले, असा खुलासा मुख्यमंत्र्यांनी केला. त्यानंतर प्रश्नांची रांगच लागली. भेट कोणी दिली, का दिली, सीमाशुल्क भरले का, बिल कुठे आहे? अखेर मार्च २०१६ मध्ये त्यांनी ते विधानसभा अध्यक्षांकडे सोपवले आणि ते राज्याची मालमत्ता ठरले. सार्वजनिक पदावरील व्यक्तीसाठी ‘भेट मिळाली’ एवढे उत्तर पुरत नाही, हा त्यातला धडा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दुबईहून परतलेल्या क्रिकेटपटू हार्दिक पंड्याची घड्याळे मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने अडवली. ती पाच कोटींची असल्याच्या बातम्या आल्या. त्याने मात्र आपण स्वतःहून वस्तू जाहीर केल्याचे आणि घड्याळाची किंमत सुमारे दीड कोटी असल्याचे सांगितले. किमतीच्या आकड्यांतच एवढी तफावत पडते, तेव्हा हाताशी असलेले बिल किती मोलाचे, हे कळते.

सामान्य प्रवाशाला हा प्रश्न दोन प्रकारे भेटतो. परदेशात घेतलेले घड्याळ हातात घालून आणले म्हणजे शुल्क लागत नाही, हा गैरसमज आहे. शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा जास्त किमतीची वस्तू लाल मार्गिकेवर जाहीर करावीच लागते. दुसरे, इथूनच घातलेले महागडे घड्याळ घेऊन परदेशी जाताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. ते असले की परतताना ‘हे नवीन घेतले का’ हा वाद उरत नाही. मर्यादा आणि दर वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याआधी ते विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

देशातील खरेदीवर काय नियम?

२२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला ग्राहकाकडून १ टक्का ‘टीसीएस’ घ्यावा लागतो. बारा लाखांच्या घड्याळावर बारा हजार रुपये. हा वेगळा कर नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. पण त्यामुळे ही खरेदी तुमच्या पॅनवर नोंदली जाते. जाहीर उत्पन्न आणि खरेदी यांचा मेळ बसला नाही, तर विचारणा होऊ शकते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. ‘रोखीने द्या, बिल नको, स्वस्तात देतो’ या प्रस्तावात ग्राहकाच्या हाती काहीच पुरावा राहत नाही.

‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘मुंबई स्पेशल’ हे काय प्रकरण?

‘फर्स्ट कॉपी’ हा बनावट मालाला दिलेला गोड शब्द. ट्रेडमार्क कायद्यानुसार असा माल विकणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. आजच्या नकला इतक्या बारकाईने केलेल्या असतात की काच, वजन, काट्याची चाल यांवरून साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. मागचे झाकण उघडून यंत्र पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही, असे कसलेला घड्याळजीही सांगेल.

‘मुंबई स्पेशल’ हा शब्द जगभरच्या संग्राहकांनी रूढ केला. जुन्या एचएमटी, फावर-लुबा, सेइको घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, एकाचे काटे दुसऱ्याला बसवून, केस पॉलिश करून ती ‘व्हिंटेज’ म्हणून ऑनलाइन विकली जातात. चमचमीत निळी-केशरी तबकडी पाहून नवखा भुलतो. कंपनीने त्या रंगाची तबकडी कधी काढलीच नव्हती, हे त्याला नंतर कळते. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या मूळपणात असते. डागाळलेली मूळ तबकडी नव्या रंगापेक्षा मोलाची. म्हणून आजोबांचे घड्याळ दुरुस्तीला देताना ‘नवीन करून द्या’ म्हणू नये. ‘चालू करून द्या, बाकी हात लावू नका’ एवढेच सांगावे.

सोलापूरकरांना हे नवे का नाही?

कारण याच दुखण्याची दुसरी बाजू या शहराने भोगली आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. तरीही ‘सोलापुरी’ नावाने बाहेरगावचा हलका माल देशभर विकला जातो. घेणाऱ्याला सूत, वीण, वजन यांतला फरक कळत नाही, म्हणून हे चालते. इथला विणकर चादर हातात घेताच अस्सल-नक्कल सांगतो, पण ग्राहकाला नाव तेवढे माहीत असते. नावावर विसंबणारा ग्राहक स्वतः फसतो आणि खऱ्या कारागिराच्या पोटावरही पाय आणतो. घड्याळाच्या बाबतीत आपण त्याच ग्राहकाच्या जागी उभे असतो.

या शहराचा दिवस एकेकाळी मिलच्या भोंग्यावर चाले. मनगटी घड्याळ मिळायचे ते लग्नात किंवा निवृत्तीच्या वेळी, आणि बहुधा एचएमटी. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरुत सुरू झालेला तो सरकारी उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्या पिढीला आपले घड्याळ नेमके ठाऊक होते. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायची, हा नेम होता.

मग मालकाने काय करावे?

– बिल, वॉरंटी कार्ड आणि डबा जपून ठेवावा. तिन्हींची छायाचित्रे फोनमध्ये असावीत.
– घड्याळावरील अनुक्रमांक कुठे आहे ते पाहून कार्डावरील क्रमांकाशी ताडावा.
– अधिकृत विक्रेता कोण, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे. इतर मार्गाने आलेल्या अस्सल घड्याळालाही कंपनीची वॉरंटी मिळेलच असे नाही.
– वापरलेले घड्याळ घेताना आधी यंत्र उघडून तपासून घ्यावे, मग पैसे द्यावेत.
– गृहविमा असेल तर त्यात घड्याळाची स्वतंत्र नोंद आहे का, हे विचारावे.
– सर्व्हिसिंगचा खर्च खरेदीपूर्वीच विचारावा. मेकॅनिकल घड्याळाला काही वर्षांनी ते लागतेच आणि त्याचा आकडा कधी कधी नव्या साध्या घड्याळाएवढा असतो.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे : घरातल्या एखाद्याला तरी या घड्याळाबद्दल सांगून ठेवावे. मालकाच्या पश्चात कपाटातले घड्याळ कोणते, किती किमतीचे, हे कोणालाच माहीत नसते आणि ते किरकोळ भावात जाते. लाखांचे घड्याळ असो वा आजोबांचे चावीचे, त्याच्यासोबत त्याची हकिकत लिहिलेला एक कागद ठेवला, तर पुढच्या पिढीच्या हाती वस्तूबरोबर तिची ओळखही जाईल.