गोव्यातला नकाराधिकार, युक्रेनमधला नकाराधिकार

भारतीय सैन्य गोव्यात शिरताच पोर्तुगालने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदी व्हावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने मांडला. बाजूने ७, विरोधात ४ मते पडली. विरोधकांत नकाराधिकार असलेला सोव्हिएत संघ असल्याने बहुमत असूनही ठराव बारगळला.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला बळाचा वापर मान्य नाही, हा पोर्तुगालचा मुद्दा खरा होता, पण अर्धाच. वसाहतवाद संपवण्याची घोषणा आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये केली होती आणि गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नव्हे, हेही त्याच महिन्यात ठरवले होते. पोर्तुगालच्या सालाझार सरकारने ते जुमानले नाही. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्यात बळी पडले, सागरच्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या.

गोव्याला न्याय मिळाला, पण तो एका महासत्तेच्या मर्जीने. ही मर्जी उलटही फिरते. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धच्या ठरावाला ११ मते मिळाली. भारत तटस्थ राहिला आणि खुद्द आक्रमक रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला.

तंट्यातील पक्षकाराने मतदान करू नये, असे सनदेचे २७वे कलम सांगते. मात्र ते शांततामय तोडग्याच्या ठरावांपुरतेच आहे. सक्तीच्या कारवाईलाही ते लागू करावे. १९६१ मध्ये सोव्हिएत संघ पक्षकार नव्हता, त्यामुळे गोव्याचा निकाल बदलला नसता. युक्रेनचा बदलला असता.

अडचण १०८व्या कलमाची आहे. सनद बदलायला पाचही स्थायी सदस्यांची मंजुरी लागते. १९६५ मध्ये परिषद ११ वरून १५ सदस्यांची झाली, नकाराधिकाराला धक्का लागला नाही. एप्रिल २०२२ पासून नकाराधिकार वापरल्यास १० कामकाजी दिवसांत आमसभेत चर्चा होते. पण ठराव पडलेलाच राहतो.

स्थायी सदस्यत्व मागणाऱ्या भारताने हे बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावे: आपल्या तंट्यात आपण मत देणार नाही. त्यासाठी सनददुरुस्तीची गरज नाही. मागणीला वजन येईल ते अशा हमीने. केवळ लोकसंख्येच्या आकड्याने नव्हे.