अळूवडी सहा वेळा

संकेतस्थळं 'वर चढवून' देणाऱ्या एका सल्लागार महाशयांचं सूत्र फार सोपं आहे. लोक शोधपेटीत जे शब्द टाइप करतात तेच, काना-मात्रेचाही फरक न करता, पानाच्या प्रत्येक मथळ्यात बसवायचे. एच-वन, म्हणजे पानाचा मुख्य मथळा, एकच ठेवायचा, आणि एच-टू, एच-थ्री या उपमथळ्यांमध्ये त्याच शब्दांचा गजर करायचा. वाचकाला काय वाटेल, याला त्या सूत्रात रकाना नाही.

नमुन्यादाखल अळूवडीचं पान घ्या. 'अळूवडी रेसिपी मराठी' हा मुख्य मथळा. खाली 'अळूवडी रेसिपी मराठी साहित्य', मग 'अळूवडी रेसिपी मराठी कृती', मग 'अळूवडी रेसिपी मराठी टिप्स', आणि असंच पुढे. सहाव्या अळूवडीपर्यंत भूक मेलेली असते.

हे सूत्र इंग्रजीच्या मापाने शिवलेलं आहे, आणि खरी गोची तिथेच आहे. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही ठेवा, त्याचं रूप बदलत नाही. मराठी नामाला विभक्ती लागली की त्याचं सामान्यरूप होतं. पुणे 'पुण्यात' होतं, सातारा 'साताऱ्याला'. कोथिंबीर 'कोथिंबिरीची' होताना दीर्घाची ऱ्हस्व होते. अळवाच्या फदफद्यात तर अळूचा ऊकारही उरत नाही. तेव्हा शब्द जसाच्या तसा हवा असेल, तर व्याकरणाला उंबऱ्याबाहेर उभं करावं लागतं. मग 'भाड्याने घर पुणे', 'दंतवैद्य सातारा' अशी तारेची भाषा तयार होते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तिथली कंजुषी समजण्यासारखी होती. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. महाशयांच्या मथळ्यांत मात्र ती अजून सुरू आहे, तीही फुकट! शिवाय शोधयंत्र अक्षराला अक्षर जुळवूनच पान शोधतं, हे गृहीतकही शिळं झालं आहे. शब्दांचा संदर्भ लावणारी 'बर्ट' ही प्रणाली गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांमधल्या शोधासाठी आणली, आणि त्या यादीत मराठीही होती. ती चुकत नाही असं नव्हे. पण 'पुण्यात' या शब्दापुढे ती हात टेकेल, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

एकाच एच-वनचा सोवळेपणा? मथळ्यांची आदर्श संख्या अशी काही नसते, असं गूगलची मार्गदर्शिकाच सांगते. मथळे मोजायचे नसतात, वाचायचे असतात. अंध वाचक स्क्रीन-रीडरवर एच ही कळ दाबत मथळ्यांवरून उड्या मारत पान चाळतो. त्याला सहा वेळा अळूवडीच ऐकू येणार.

शब्द कोंबण्याचा हा प्रकार तसा जुनाच. एके काळी पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या 'कीवर्ड्स' मेटा टॅगमध्ये, शब्दांची पोतीच्या पोती ओतली जात. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नसल्याचं सर्वांत मोठ्या शोधयंत्राने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तरी पुढे कित्येक वर्षं तो भरून देण्याची बिलं निघतच होती. पोतं तेच, फक्त आता ते मथळ्यावर आणून ठेवलं आहे.

महाशयांचं एक मात्र खरं. मथळ्यातल्या शब्दांवरून पानाचा विषय शोधयंत्राला उमगतो, आणि निकालात दिसणारं शीर्षकही कधी कधी मथळ्यावरूनच घेतलं जातं. म्हणून मुख्य मथळ्यात अळूवडी हवीच. एकदा. पुढचे मथळे स्वयंपाकघरातून यावेत: 'पानांच्या शिरा कशा काढाव्यात', 'बेसनात चिंच-गूळ किती', 'उंडे वाफवताना', 'घसा खवखवू नये म्हणून'. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. ज्याचा घसा काल खाजला, तो आज शोधपेटीत नेमकं तेच विचारणार आहे.