मिठास जागलेली वाट

खाल्ल्या मिठास जागावें, असें आपल्याकडे लहानपणापासून शिकवितात. मीठ धन्याचें आणि जागावयाचें तेंही धन्यासच, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु तें मीठ ज्याच्या पाठीवरून घरीं आलें, त्यास कोणी जागतें काय? या प्रश्नाचें एक उत्तर जपान देशांतील एका डोंगरवाटेवर दगडांत कोरलेलें आहे. तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जपानी समुद्राच्या कांठीं इतोइगावा म्हणून एक गांव आहे. तेथून दक्षिणेस, हिमाच्छादित पर्वतांच्या पायथ्यानें, मात्सुमोतो या किल्ल्याच्या नगरापर्यंत सुमारें १२० किलोमीटरांची जुनी वाट जाते. दप्तरीं तिचें नांव चिकुनी-काइदो. लोकांच्या तोंडीं मात्र 'शिओ नो मिचि', म्हणजे 'मिठाची वाट'. मात्सुमोतोच्या भोंवतीं चोहोंकडे डोंगर. समुद्र जवळ कोठेंच नाहीं. तेव्हां मीठ व मासळी या वाटेनें वर जाई. अवघड चढणीवर माल बैलांच्या पाठीवर असे, कारण तेथें घोड्यापेक्षां बैलाचें पाऊल अधिक भरंवशाचें. वाट सोपी झाली म्हणजे घोडे. हिवाळ्यांत बर्फ सांचून जनावरांची वाट बंद झाली कीं माणसें स्वतःच्या पाठीवर गोणी घेऊन निघत. बैलवाल्यांच्या मुक्कामाचें एक गवती छपराचें घर चिकुनी गांवाजवळ अद्यापि जतन केलेलें आहे. त्यांत खालीं बैल बांधीत आणि त्याच छपराखालीं माळ्यावर बैलवाले निजत; रात्रीं जनावर अस्वस्थ झालें तर तत्काळ कळावें, हा हेतु.

अशा वाटेवर एखादें जनावर पडलें, म्हणजे त्याच्यासाठीं दगड उभा करीत. घोड्यासाठीं 'बातो कान्नोन', बैलासाठीं पुष्कळदां 'दाइनिचि न्योराइ'. हीं नांवें कानास परकीं वाटतात. पण संस्कृताच्या विद्यार्थ्यास त्यांत ओळखीचीं माणसें भेटतात. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. बातो म्हणजे 'घोड्याचें मस्तक'. मूळ संस्कृत नांव हयग्रीव. दाइनिचि म्हणजे 'महान् सूर्य', अर्थात् महावैरोचन. आणि न्योराइ म्हणजे तथागत. वाटेच्या कडेला लाल लाळेरें बांधून उभा असलेला, मुलांचा व पांथस्थांचा रक्षक 'जिझो', तो क्षितिगर्भ. हीं नांवें भारतांतून चीनमार्गें जपानांत पोहोंचलीं. येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. आपल्या पुराणांतील, वेद परत आणणारा हयग्रीव हा विष्णूचा अवतार होय; जपानांतील हयग्रीव हें बौद्धांच्या अवलोकितेश्वराचें रूप आहे.

कान्नोनची मुद्रा एरवीं सौम्य असते. या रूपांत ती उग्र होते. भुकेला घोडा जसा गवत फस्त करितो, तसा हा देव जीवांचें अज्ञान व क्लेश भक्षण करितो, असें शास्त्रकार सांगतात. घोडेवाल्यास हें शास्त्र कोठून ठाऊक असणार? त्यानें देवाच्या मुकुटांत घोड्याचें डोकें पाहिलें, आणि हा माझ्या घोड्याचें दुःख जाणतो, असें त्यास वाटलें असावें. वाटेवरील कित्येक दगडांवर ती उग्रता मावळलेली दिसते; मुद्रा शांत, हात जोडलेले. कोठें कोठें तर मूर्तीऐवजीं नुसतें देवाचें नांव कोरलेलें आहे.

प्रवाशाचा त्राता म्हणून हा देव महाराष्ट्रासही नवा नाहीं. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत, ९० क्रमांकाच्या गुंफेंत, अवलोकितेश्वराच्या दोहों बाजूंस चोर, सिंह, सर्प, बुडतें गलबत अशा संकटांत सांपडलेलीं माणसें त्याचा धांवा करीत आहेत. औरंगाबादच्या ७ व्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरला आहे. परंतु या दोन्ही ठिकाणीं संकट माणसावरचें आहे. मिठाच्या वाटेवरील घोडेवाल्यानें तोच देव मुक्या प्राण्यासाठीं बोलाविला, ही त्याची थोरवी.

१८६८ सालीं नव्या मेइजी सरकारनें शिंतो देव व बुद्ध यांचीं स्थानें वेगळीं करण्याचा हुकूम काढला. त्यापुढें ठिकठिकाणीं विहार मोडले, मूर्ति फुटल्या. मात्सुमोतो संस्थानांत तर अधिपतीनें स्वतःच्या घराण्याचा विहारही बंद केला, आणि तेथील बहुतेक विहारांची तीच गत झाली. तरीही या वाटेवरचे पुष्कळ दगड वांचले. त्यांस ना पुजारी, ना उत्पन्न, ना राजाश्रय. पुढें १९५७ सालीं मात्सुमोतो ते इतोइगावा लोहमार्ग पूर्ण झाला. मिठाचे तांडे तर त्यापूर्वींच थांबले होते. दगड मात्र आहेत तेथेंच उभे राहिले. १९८० सालीं गांवकऱ्यांनीं मे महिन्याच्या आरंभीं, जुना पोशाख करून, या वाटेनें पायीं चालण्याचा उत्सव सुरू केला.

धन्यास जागणें पुष्कळांस जमतें. तेथें मोबदल्याची आशा असते. मेलेल्या बैलापासून कोणास कांहीं मिळावयाचें नसतें. म्हणून त्याच्यासाठीं उभारलेला ओबडधोबड दगड आम्हांस मोठ्या देवळाहून कमी वाटत नाहीं. आपल्या पंक्तींत पानावर प्रथम मीठ वाढतात. वडीलधाऱ्यांनीं एखादे दिवशीं त्याच वेळीं मुलांस विचारून पाहावें, कीं बाळांनो, हें येथवर कोणीं आणलें? मुलें दुकानदाराचें नांव सांगतील. तेथें न थांबतां, त्यांस आणखी मागें मागें न्यावें.