समितीतला कौल कुणाचा?

न्हावा-शेव्याच्या शेतकऱ्यांना भूसंपादनासाठी कोणी संमती विचारली नव्हती; विरोध केला तेव्हा जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले. खाजगी प्रकल्पांसाठी ऐंशी टक्के जमीनमालकांची संमती कायद्यात आली ती २०१३ साली. मार्च २०१५ मध्ये लोकसभेने ही अट अनेक प्रकल्पांपुरती उडविणारे विधेयक मंजूर केले. ऑगस्टमध्ये अहलुवालियांच्या संयुक्त समितीत भाजपच्याच अकरा सदस्यांनी ती परत आणणाऱ्या दुरुस्त्या मांडल्या! अकरांची सदसद्विवेकबुद्धी एकाच दिवशी जागी होते? शेतकरी खवळला होता, बिहारची निवडणूक तोंडावर होती. समितीत पक्षादेश चालत नाही म्हणतात. इथे तर दुसरे काहीच चालले नाही. समितीला मुदतवाढींवर मुदतवाढी मिळाल्या. विधेयक २०१९ मध्ये लोकसभेबरोबरच निकालात निघाले.